ऊस वाहतूक करताना इतर चालकांच्या बेसावधपणापासून बचाव



ऊस गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या पाच-सहा महिन्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर तसेच मराठवाड्यातील ऊसपट्ट्यात रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि टायर बैलगाड्यांची रात्रंदिवस वर्दळ असते. त्याच रस्त्यांवरून मोटारी, एस.टी. बस, मालट्रक आणि मोटारसायकलीही धावत असतात. पूर्वीच्या मानाने रस्ते रुंद व गुळगुळीत झाले, वाहनांचा वेग वाढला आणि जवळजवळ प्रत्येक चालकाच्या खिशात मोबाईल आला. त्यामुळे रस्त्याकडे लक्ष नसलेला चालक हा आता अपवाद राहिलेला नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापैकी १५ हजारांहून अधिक मृत्यू एकट्या महाराष्ट्रातील होते. अपघातानंतर चूक कोणाची हे पंचनाम्यात व न्यायालयात ठरते. परंतु गेलेला माणूस त्यामुळे परत येत नाही. शिवाय अंधारात ट्रॉलीवर मागून आदळणारा मोटारसायकलस्वार बहुधा परका नसतो. तो शेजारच्या गावचा, दूध घालून किंवा कामावरून घरी परतणारा आपल्यासारखाच माणूस असतो.

दुसरा चालक चूक करणार आहे असे आधीच गृहीत धरून आपले वाहन चालविणे, याला बचावात्मक वाहनचालन म्हणतात. दुसऱ्याचे लक्ष रस्त्यावर आणणे आपल्या हातात नाही. मात्र आपण त्याला दुरून दिसावे, सावरायला त्याला वेळ मिळावा आणि तो चुकलाच तर मधे जागा शिल्लक असावी, एवढे आपण निश्चित करू शकतो. त्यासाठी ट्रॅक्टरचालकाने काय करावे याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

लक्ष विचलित होणे म्हणजे काय?

वाहन चालविताना डोळे, हात आणि मन या तिन्हींचे काम एकाच वेळी चालू असते. मोबाईलवरचा संदेश वाचणारा चालक डोळे रस्त्यावरून काढतो, हात चाकावरून काढतो आणि मनही दुसरीकडे नेतो. म्हणून ही सवय सर्वांत घातक होय. कानात यंत्र घालून बोलणाऱ्याचे हात मोकळे असतात, पण मन मोकळे नसते. डोळे उघडे असूनही समोरची वस्तू त्याच्या ध्यानात उशिरा येते. याखेरीज तंबाखू मळणे, गाडीतील गाणी बदलणे, शेजारच्याशी वाद घालणे, मागच्या सीटवरील मुलाकडे वळून पाहणे आणि रात्रीच्या प्रवासात डुलकी लागणे ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर वाहन चालविताना मोबाईल हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. त्यासाठी दंडाची व कारावासाचीही तरतूद आहे. कायदा आपल्या जागी आवश्यक आहेच. परंतु आपल्या ट्रॉलीमागून येणारा चालक तो पाळेल या भरवशावर आपण राहू नये.

तीन सेकंदांत काय होते?

मोबाईलवर कोणाचे नाव आले आहे हे पाहण्यास दोन-तीन सेकंद पुरतात. तेवढ्या वेळात वाहन किती अंतर तोडते हे खालील तक्त्यावरून लक्षात येईल.

तक्ता : चालकाने ३ सेकंद रस्त्याकडे न पाहिल्यास कापले जाणारे अंतर

ताशी ४० कि.मी. वेग – सुमारे ३३ मीटर
ताशी ६० कि.मी. वेग – ५० मीटर
ताशी ८० कि.मी. वेग – सुमारे ६७ मीटर
ताशी १०० कि.मी. वेग – सुमारे ८३ मीटर

एक एकराच्या चौरस शेताची एक बाजू सुमारे २०८ फूट, म्हणजे ६३ मीटरच्या आसपास भरते. याचा अर्थ असा की, ताशी ८० कि.मी. वेगाने येणारा मोटारचालक केवळ तीन सेकंद मोबाईलकडे पाहतो, तेवढ्यात एका एकराच्या बांधाएवढे अंतर तो डोळे मिटल्यासारखे कापून जातो. त्यानंतर ब्रेकवर पाय ठेवण्यास लागणारा वेळ आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगळेच.

दुसरी गोष्ट वेगातील फरकाची. भरलेला ट्रॅक्टर ताशी २० कि.मी. वेगाने चालला आहे आणि मागून मोटार ताशी ८० कि.मी. वेगाने येत आहे असे समजू. दोघांमधील अंतर दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने कमी होते. १०० मीटरचे अंतर ६ सेकंदांत संपते. ट्रॉली उभी असेल तर साडेचार सेकंदच मिळतात. पुढे दुसरी मोटार तेवढ्याच वेगाने जात असती तर अंतर कमी झालेच नसते. मोटारचालकाला सवय असते ती अशा बरोबरीने धावणाऱ्या वाहनांची. पुढचे वाहन इतके सावकाश चालले आहे हे त्याच्या लक्षात येईपर्यंत निम्मे अंतर संपलेले असते. त्यातच त्याचे लक्ष दुसरीकडे असेल तर त्याला सावरायला वेळ उरत नाही. म्हणूनच मंद वाहनाने दुरून आणि ठळक दिसणे याला सर्वांत अधिक महत्त्व आहे.

ट्रॉली दुरून दिसेल अशी करावी

१) रिफ्लेक्टर व रेडियम पट्ट्या : ट्रॉलीच्या मागील बाजूस लाल, दोन्ही बाजूंना पिवळ्या आणि पुढील बाजूस पांढऱ्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. मागील पट्टी ट्रॉलीच्या पूर्ण रुंदीची असावी, म्हणजे मागून येणाऱ्यास ट्रॉलीची रुंदी समजते. मधोमध एकच रिफ्लेक्टर लावल्यास तो सायकलचा वाटण्याची शक्यता असते. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दोन्हींना सर्व बाजूंनी पट्ट्या लावाव्यात.

२) पट्ट्या स्वच्छ ठेवाव्यात : फडातील चिखल, धूळ आणि लोंबणारे वाढे यांमुळे पट्ट्या झाकल्या जातात. फडातून बाहेर पडताना ओल्या फडक्याने पट्ट्या व दिवे पुसावेत. मागे लोंबणारा ऊस व वाढे कोयत्याने छाटून टाकावेत. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने दिवा झाकला जात असेल तर ती भरणी चुकीची समजावी.

३) मागील दिवे : रेडियम पट्टी स्वतः उजेड देत नाही. मागच्या वाहनाचा प्रकाश तिच्यावर पडला तरच ती चमकते. मागच्या वाहनाचा दिवा मंद असेल किंवा समोरून येणाऱ्या प्रकाशाने त्या चालकाचे डोळे दिपले असतील तर पट्टीचा उपयोग होत नाही. म्हणून ट्रॉलीस मागे लाल दिवे, ब्रेक दिवे आणि वळणाचे दिवे हवेतच. ट्रॅक्टर व ट्रॉलीमधील वायर ओढली जाऊन तुटते आणि चालकाला ते कळतही नाही. यासाठी प्रत्येक खेपेपूर्वी एकाने मागे उभे राहून दिवे लागतात की नाही ते पाहावे.

४) मागचा कामाचा दिवा : रात्री नांगरट करताना वापरला जाणारा ट्रॅक्टरचा मागील पांढरा दिवा रस्त्यावर कधीही लावू नये. त्याने मागच्या चालकाचे डोळे दिपतात. शिवाय समोरून वाहन येत आहे असा त्याचा गैरसमज होतो.

५) पुढचे दोन्ही दिवे : एकच दिवा लागणारा ट्रॅक्टर समोरच्या चालकास मोटारसायकल वाटतो आणि तो त्या हिशेबाने जागा सोडतो. तसेच ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते. समोरच्याला ट्रॅक्टरचे दिवे दिसतात, परंतु उजवीकडे बाहेर आलेला ट्रॉलीचा कोपरा दिसत नाही. म्हणून ट्रॉलीच्या पुढील दोन्ही कोपऱ्यांवर परावर्तक पट्ट्या न चुकता लावाव्यात.

६) मंद वाहनाचे त्रिकोणी चिन्ह : अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९६० च्या दशकात शेतीच्या मंद वाहनांसाठी नारिंगी रंगाचे, लाल काठाचे त्रिकोणी चिन्ह तयार करण्यात आले. मधला नारिंगी भाग दिवसा दुरून डोळ्यांत भरतो आणि लाल परावर्तक काठ रात्री चमकतो. अनेक देशांत ट्रॅक्टरमागे हे चिन्ह लावतात. आपल्याकडेही पट्ट्या व दिव्यांच्या जोडीला असे चिन्ह लावल्यास फायदाच होईल. मात्र पट्ट्या व दिव्यांऐवजी ते लावू नये.

टायर बैलगाडीच्या बाबतीत मागील आडव्या पट्टीला, चाकांच्या बाजूला तसेच बैलांच्या शिंगांना व जुवाला रेडियम पट्टी लावावी. गाडीवानाने बॅटरी जवळ ठेवावी.

बेसावध चालक कसा ओळखावा?

आरशांतून दर थोड्या वेळाने मागे पाहण्याची सवय ठेवावी. दोन्ही बाजूंचे आरसे ट्रॉलीच्या कडेपलीकडचे दिसेल इतके बाहेर काढलेले असावेत. खालील लक्षणे दिसल्यास त्या चालकाचे लक्ष रस्त्यावर नाही असे समजून सावध व्हावे.

• वाहन आपली बाजू सोडून हळूहळू मधल्या पट्ट्याकडे किंवा साइडपट्टीकडे सरकते आणि मग एकदम सरळ होते.
• कारण नसताना वेग कमी-जास्त होतो.
• मोटारसायकलस्वाराची मान एका बाजूस वाकडी आहे, म्हणजे खांदा व कान यांमध्ये मोबाईल धरला आहे.
• मोटारचालकाचे डोके पुनःपुन्हा खाली जाते किंवा त्याचा एक हात कानाजवळ आहे.
• वळणाचा दिवा बराच वेळ लागलेला आहे, पण वाहन वळत नाही.
• पुढे अडथळा दिसत असूनही वेग कमी होत नाही आणि ब्रेक अगदी शेवटी लागतो.

असा चालक दिसल्यावर त्याच्यावर रागावणे, शर्यत लावणे किंवा त्याला धडा शिकविण्यासाठी वाट अडविणे, यांपैकी काहीही करू नये. आपला वेग कमी करावा, डावी बाजू धरावी, दुरूनच एक-दोन वेळा हॉर्न वाजवावा आणि त्याला निघून जाऊ द्यावे. अगदी जवळ आल्यावर कर्कश हॉर्न वाजविल्यास तो दचकून कोणत्याही बाजूस वळू शकतो.

समोरून वाहन आपल्या बाजूस येत असल्यास

समोरचा चालक मोबाईलमध्ये किंवा झोपेत असेल तर त्याचे वाहन सरकत आपल्या बाजूस येते. अशा वेळी ताबडतोब वेग कमी करावा, हॉर्न वाजवावा, दिव्यांची उघडझाप करावी आणि शक्य तेवढे डावीकडे राहावे. त्याला चुकविण्यासाठी आपण उजव्या बाजूस जाऊ नये. कारण तो भानावर येताच आपल्या मूळ बाजूस परत वळतो आणि तेथे आपण सापडतो.

डावीकडे घेतानाही घाईने चाक वळवू नये. डांबरी रस्त्याची कड आणि साइडपट्टी यांच्यात अनेक ठिकाणी वीतभर खाच असते. भरलेल्या ट्रॉलीचे एक चाक त्या खाचेत उतरल्यास ट्रॉली कलंडते. यासाठी वेग आधी कमी करावा, मग बाजूस घ्यावे.

मागून वाहन पुढे जात असल्यास

मागचे वाहन पुढे जाऊ लागले की आपला वेग स्थिर ठेवावा, वाढवू नये. हाताने खूण करून मागच्यास पुढे जाण्याचा इशारा देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती टाळावी. समोरून येणारी मोटारसायकल आपल्याला दिसली नसेल, तर आपल्या भरवशावर तो मनुष्य धोक्यात जाईल. मागे वाहनांची रांग लागली असल्यास सोयीची मोकळी जागा पाहून ट्रॅक्टर बाजूस थांबवावा व सर्वांना जाऊ द्यावे. कंटाळलेला चालक धोका पत्करून पुढे घुसतो. दोन मिनिटे थांबण्याने आपला नंबर चुकत नाही.

उजवीकडे शेतात वळताना विशेष काळजी

हमरस्त्यावरून उजवीकडच्या शेतवाटेस वळणे ही ट्रॅक्टरचालकाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वेळ होय. ट्रॅक्टरचा वेग कमी झालेला पाहून मागचा चालक तो आपल्यालाच वाट देत आहे असे समजतो आणि उजवीकडून पुढे निघतो. नेमके त्याच क्षणी आपण उजवीकडे वळतो.

थोडा हिशेब करून पाहू. ट्रॅक्टर व ट्रॉलीची मिळून लांबी १५ मीटर आणि रस्त्याची रुंदी ७ मीटर धरली, तर शेवटचे चाक रस्त्याबाहेर पडेपर्यंत २२ मीटर जावे लागते. माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी ५ कि.मी. वेगाने, त्यास सुमारे १६ सेकंद लागतात. ताशी ८० कि.मी. वेगाचे वाहन १६ सेकंदांत साडेतीनशे मीटरहून अधिक अंतर येते. याचा अर्थ दोन्ही बाजूंस निदान ४०० मीटर रस्ता मोकळा दिसत असेल तरच वळावे. दोन ट्रॉल्या असतील तर याहून जास्त.

सुरक्षित पद्धत अशी : वळणाच्या बऱ्याच आधी दिवा लावावा. शेतवाट येण्यापूर्वी डावीकडे पक्क्या जागेवर ट्रॅक्टर थांबवावा. मागची व समोरची वाहने जाऊ द्यावीत. आरशात पाहावेच, पण मान वळवूनही एकदा मागे पाहावे, कारण ट्रॉलीच्या आडोशाला असलेली मोटारसायकल आरशात दिसत नाही. मग रस्ता मोकळा असल्याची खात्री करून एकाच दमात पलीकडे जावे. किन्नर सोबत असल्यास त्याने खाली उतरून पाहावे, परंतु रस्त्याच्या मधोमध उभे राहू नये.

शेतवाटेवरून हमरस्त्यावर येतानाही हीच काळजी घ्यावी. येणाऱ्या वाहनाचा वळणाचा दिवा लागलेला आहे म्हणून ते वळणारच असे समजू नये. वाहनाचा वेग खरोखर कमी झाला आणि चालकाने आपल्याकडे पाहिले, अशी खात्री होईपर्यंत त्याने आपल्याला पाहिलेलेच नाही असे धरावे.

रस्त्यात ट्रॉली बंद पडल्यास

टायर फुटणे, पीन तुटणे, पाटा मोडणे असे प्रकार हंगामात होतात. अंधारात बिनदिव्याची उभी ट्रॉली ही चालत्या ट्रॉलीपेक्षाही घातक असते. यावेळी खालीलप्रमाणे करावे.

१) शक्य असल्यास वाहन डांबरी रस्त्यापूर्वी किंवा पलीकडे पूर्णपणे बाजूस घ्यावे. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यालगत वाहन उभे करणे टाळावे.
२) ट्रॅक्टर व ट्रॉलीचे दिवे चालू ठेवावेत. ट्रॅक्टर सोडवून नेल्यास ट्रॉलीचे दिवे बंद होतात हे विसरू नये. अशा वेळी बॅटरीवर चालणारा लाल लुकलुकणारा दिवा मागे बांधावा. हा दिवा स्वस्त असतो आणि तो हंगामभर पेटीत ठेवावा.
३) परावर्तक त्रिकोण ट्रॉलीच्या मागे निदान ५० मीटर अंतरावर ठेवावा. महामार्गावर हे अंतर दुप्पट ठेवावे. ट्रॉलीला टेकवून ठेवलेला त्रिकोण मागच्यास वेळ देत नाही.
४) दगड किंवा झाडाच्या फांद्या रस्त्यावर ठेवू नयेत. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर निघून जातो, दगड तेथेच राहतात आणि रात्री एखादा मोटारसायकलस्वार त्यावरून पडतो. चाकास लावलेली उटीही आठवणीने काढून घ्यावी.
५) चाक बदलणाऱ्याने वाहतुकीच्या बाजूस बसू नये व ट्रॉलीच्या मागे उभे राहू नये. दुसऱ्या एकाने रस्त्याच्या बाहेर उभे राहून बॅटरी हलवीत मागील वाहनांना इशारा द्यावा.
६) ऊस उतरवावा लागल्यास तो रस्त्याच्या कडेला नव्हे, तर पलीकडे टाकावा. सांडलेला ऊस लगेच उचलावा.

ट्रॅक्टर आपल्या ताब्यात हवा

दुसऱ्याच्या चुकीतून वाचावयाचे तर आपले वाहन वेळेवर थांबले पाहिजे. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी स्वतंत्र ब्रेक पेडल असतात. शेतात आखूड वळण घेण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडल खटकीने एकत्र जोडलेच पाहिजेत. वेगात एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि भरलेली ट्रॉली मागून रेटून तो उलटा करते.

उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढला जातो, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. जास्त भार भरल्यास पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग काम देत नाही. ट्रॉलीच्या पिनेस कडी लावावी व जोडीला सुरक्षा साखळी बांधावी.

पुढील वाहनापासून अंतर मोजण्याची सोपी रीत अशी : पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजण्यास सुरुवात करावी. आपण त्या खांबाजवळ येईपर्यंत भरलेल्या ट्रॉलीसह निदान ‘एक हजार पाच’ पर्यंत मोजून झाले पाहिजे. पुढचा मोटारसायकलस्वार फोन आला म्हणून अचानक थांबला तरी एवढ्या अंतरात आपल्याला सावरता येते.

आपले स्वतःचे लक्ष

बेसावध चालक म्हणजे नेहमी दुसराच असतो असे नाही. फडातून टोळीच्या मुकादमाचा फोन, कारखान्याच्या वाहनतळावरून नंबरासाठी फोन, घरून फोन असे ट्रॅक्टरचालकाचे फोन दिवसभर चालू असतात. इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नाही म्हणून तो फोन कानाशी दाबून धरतो आणि एका हाताने भरलेली ट्रॉली चालवितो. फोन किन्नराकडे द्यावा किंवा ट्रॅक्टर बाजूस थांबवून बोलावे. ट्रॅक्टरमालकांनीही चालक रस्त्यावर असताना वारंवार फोन करू नये.

मोठ्या आवाजात गाणी लावल्यास मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही. यामुळे अनेकदा मागचा चालक चिडून चुकीच्या जागी पुढे घुसतो. गाणी बंद ठेवणेच चांगले. मडगार्डवर मुलाला किंवा मित्राला बसवू नये. चालकाचे लक्ष त्याच्याकडे जाते आणि एका धक्क्यात तो चाकाखाली येतो.

सलग खेपा करणाऱ्या चालकास झोप आवरत नाही. वाहनतळावर रात्र जागून काढल्यावर रिकामी ट्रॉली घेऊन लगेच निघू नये. दोन तास झोप घेऊन मगच निघावे. झोप चहाने जात नाही, ती थोडा वेळ पुढे ढकलली जाते इतकेच.

धूर, धुके व चिखल

थंडीच्या दिवसांत नदीकाठच्या भागात पहाटे दाट धुके असते. त्यातच रस्त्याकडेच्या शेतात पाचट पेटविल्यास धूर रस्त्यावर साचतो व चार हात पुढचे दिसत नाही. पाचट जाळल्याने जमिनीतील सेंद्रिय पदार्थांचेही नुकसान होते. म्हणून ते न जाळता खोडव्यात सरीआड आच्छादन म्हणून वापरावे. असे केल्यास जमीन सुधारते आणि रस्ताही मोकळा राहतो. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो.

ओल्या फडातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर चिखल येतो. मोटारसायकली त्यावरून घसरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी चाकांचा चिखल काढावा आणि पडलेला चिखल फावड्याने ओढून टाकावा.

अपघात झालाच तर

प्रथम मागून येणाऱ्या वाहनांना इशारा मिळेल अशी व्यवस्था करावी. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ या क्रमांकावर पोलीस मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही उपयोगी पडतो. जखमीस ओढाताण करून हलवू नये. जोरात रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. मदत करणाऱ्यास पोलीस चौकशीचा त्रास होईल या भीतीने अनेकजण पुढे येत नाहीत. परंतु जखमीला मदत करणाऱ्या नागरिकास २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण देण्यात आले आहे. ट्रॅक्टर व ट्रॉलीची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना हंगामापूर्वीच तपासून घ्यावा.

हमरस्त्यावर येण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात

१) ट्रॉलीचे मागील दिवे व वळणाचे दिवे लागतात.
२) ट्रॅक्टरचे पुढील दोन्ही दिवे लागतात.
३) रेडियम पट्ट्या पुसलेल्या आहेत, ऊस लोंबत नाही.
४) ब्रेक पेडल खटकीने जोडलेले आहेत.
५) पीन, कडी व सुरक्षा साखळी जागेवर आहे.
६) दोन्ही आरसे पुसलेले व नीट वळविलेले आहेत.
७) त्रिकोण, बॅटरी व लुकलुकणारा दिवा पेटीत आहे.
८) मोबाईल किन्नराकडे दिलेला आहे.

ही तपासणी पाच मिनिटांत होते. शेतात पीक उभे असताना रोग येणारच असे धरून आपण बीजप्रक्रिया करतो. रोग आल्यावर धावाधाव करीत नाही. रस्त्यावरही हीच रीत ठेवावी. मागून येणाऱ्याने आपल्याला पाहिलेले नाही असे धरून ट्रॅक्टर चालवावा. असे केल्यास खेपेस चार मिनिटे अधिक लागतील. पण हंगाम संपेल तेव्हा चालक, किन्नर, फडातील टोळी आणि रस्त्याने येणारा-जाणारा प्रत्येक जण आपापल्या घरी सुखरूप पोचलेला असेल.